सोमवारचे नमुने

१२ जानेवारी १९८४, गुरुवार

आज बॉर्येला दारू प्यायलाय म्हणून घरी पाठवलं.

बॉर्येला! ज्याच्या आजोबांनी गावातलं प्रार्थनाघर स्वतःच्या हातांनी उभं केलं, ज्याच्या घरी लग्नातसुद्धा बोरांचा रस देतात, त्या बॉर्येला. उन्हाळ्याच्या सणाला सगळा किनारा झिंगलेला असतो, तेव्हा हा माणूस आठ पोरांना घेऊन कॉफी पीत बसतो. आम्ही त्याची थट्टा करून थकलो, तो नुसता हसतो.

झालं असं, की सकाळपासून तो आमच्या बोटींच्या कारखान्यात एका मोठ्या बोटीच्या नाकाडात, पुढच्या निमुळत्या टोकात, शिरून काम करत होता. आत पोटावर सरपटत जायचं, काचेच्या धाग्यांचं काचकापड लावायचं, वर राळ ओतायची आणि रोलर फिरवत राहायचा. बाहेर उणे वीस अंश थंडी, म्हणून हॉलची दारं बंद. हवा खेचणारे पंखेही बंद, कारण पंख्यांबरोबर गरम हवा बाहेर जाते. बॉर्ये बाहेर आला तो बोटीची कड धरून. पाय नव्या वासरासारखे. बोलायला गेला तर जीभ तोंडात मावेना. आणि नेमका तेव्हा आमचा मॅनेजर विक्स्ट्रॉम गिऱ्हाइकांना हॉल दाखवत होता. म्हणाला, "याच्या तोंडाला वास येतोय."

दोन नंबरच्या हॉलमध्ये कुणाला कशाचा वास येतो? मला तर कित्येक वर्षांत राळेचा वास आलेला नाही. माझी बायको गुनलिस म्हणते, माझ्या उशीला येतो. बायकांची नाकं!

मी एवढा ओरडलो, की जेवणाच्या सुट्टीत एल्वी म्हणाली, "एवढा घसा आहे तर सुरक्षा प्रतिनिधी हो की. जुना गेल्यापासून खुर्ची रिकामीच आहे." एल्वी माझ्या शेजारच्या साच्यावर काम करते, तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. लगेच हात वर झाले. स्वतः उभं राहायला एकही तयार नव्हता, मला उभं करायला सगळे. वासा शहरातून युनियनच्या माणसाचा फोन आला, अभिनंदन म्हणाला, आणि जे घडेल ते रोज लिहीत जा म्हणाला. म्हणून हे.

माझी स्वतःची तब्येत ठणठणीत आहे, हे आधीच लिहून टाकतो. मी हे दुसऱ्यांसाठी करतोय.

१६ जानेवारी, सोमवार

आज लघवीचे नमुने. दर सहा महिन्यांनी असतात. सोमवारी सकाळी कामाचे कपडे चढवायच्या आधी रांगेत उभं राहायचं, झाकणाचा कप घ्यायचा, भरून द्यायचा. राळेतलं स्टायरीन श्वासातून आत जातं, ते लघवीत उतरतं, आणि किती उतरलं त्यावरून कळतं किती गेलं. कायद्यानं हे करावंच लागतं.

यंदा नर्स नवी आहे. योर्दिस नाव, नुकारलेबी गावची. हडकुळी, चष्मा, बोलणं कमी. डॉक्टर सेलेनियसच्या दवाखान्यातून येते. कारखान्याचं आरोग्यखातं त्याच दवाखान्याकडे आहे. तिनं कपांवर नावं लिहिता लिहिता मला विचारलं, "नमुने नेहमी सोमवारीच घेतात?"

"नेहमी."

"सकाळीच? कामाच्या आधी?"

"मग काय, कामाच्या मध्ये बोटीत घ्यायचे?"

ती हसली नाही. पेन हातात धरून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, काही चुकलं का? तर म्हणाली, "डॉक्टरांना विचारते."

या शिकलेल्या माणसांचं हे असं. कुणालातरी विचारतात.

२७ जानेवारी, शुक्रवार

निकाल आले. विक्स्ट्रॉमनं कॉफीच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचून दाखवले. कुणाचंही नाव न घेता, पण सूर असा, जणू बक्षीस वाटतोय. "सगळे मर्यादेच्या खूप खाली. मंडळी, तुमची लघवी पाद्रीबुवांच्या लघवीपेक्षा शुद्ध आहे!"

काही जण हसले. मी बॉर्येकडे पाहिलं. तो कपात बघत होता.

मग विक्स्ट्रॉम आवाज उतरवून म्हणाला, "म्हणजे हॉलची हवा चांगली आहे. त्या दिवशी जे झालं त्याचं कारण हवा नव्हती. मला आणखी काही बोलायचं नाही."

बोललास की रे बाबा सगळं!

परवा प्रार्थनाघराची दोन ज्येष्ठ माणसं बॉर्येच्या घरी येऊन गेली. त्याच्या आईसमोर, बायकोसमोर बसून त्यांनी त्याला विचारलं, मन हलकं करायचंय का. बॉर्ये म्हणाला, मी प्यायलो नव्हतो. ते म्हणाले, आम्ही प्रार्थना करू. त्याची म्हातारी तेव्हापासून खिडकीशी बसत नाही. आख्खा गाव त्या रस्त्यानं जातो ना.

माणसाचं नाव असं मातीत घालायला किती वेळ लागतो? एक कॉफी संपायला लागतो तेवढा.

४ फेब्रुवारी, शनिवार

बर्फात भोकं पाडून मासे धरायला गेलो होतो. निघायला उशीर झाला, कारण गुनलिसनं गाडीच्या किल्ल्या लपवल्या होत्या. मी घर डोक्यावर घेतलं. ती म्हणाली, "रूनार, किल्ल्या तुझ्या हातात आहेत." आता हातात कशा आल्या? तिनंच दिल्या असणार आणि वर साळसूदपणा.

जेवताना मी तिला बॉर्येची आणि ज्येष्ठ मंडळींची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "सांगितलीस."

"कधी?"

"काल. आणि परवाही."

असेल. ज्याच्या डोक्यात अन्याय घोळतोय तो दोनदा सांगणारच. तिला काय, शाळेच्या स्वयंपाकघरात काम, तिथं अन्याय म्हणजे वाटाण्याचं सूप करपणं. मी हे तोंडावर बोललो. ती ताटं उचलून गेली. मासे साफ करायलाही आली नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

सहकारी दुकानाबाहेर योर्दिस भेटली. खरं तर माझी वाट बघत उभी होती, थंडीनं नाक लाल. म्हणाली, "कारखान्यात बोलता आलं नसतं. गाडीत बसू या का?"

गाडीत बसल्यावर तिनं सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं की माझ्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं.

शरीर हे विष साठवून ठेवत नाही. काम संपल्यापासून ते बाहेर टाकायला लागतं, आणि दोन दिवसांत बहुतेक सगळं निघून जातं. म्हणून नमुना घ्यायचा तो आठवड्याच्या शेवटी, कामाची पाळी संपताना.

"सोमवारी सकाळच्या लघवीतून," ती म्हणाली, "मला एवढंच कळतं की तुम्ही रविवारी घरी होतात."

"मग सोमवार कुणी ठरवला?"

"कराराच्या वेळी कारखान्यानं मागितला. शुक्रवारी कामाचा खोळंबा होतो म्हणे. डॉक्टरांनी मान्य केलं."

"आणि तुमच्या डॉक्टरांना हे माहीत नव्हतं? डॉक्टर आहेत का सुतार?"

तिनं चष्मा पुसायला घेतला. मग मी ओरडलो. म्हणजे माझ्या लक्षात आलं नाही मी ओरडतोय, पण दुकानातून बाहेर पडणारी माणसं थांबून बघायला लागली. इतकी वर्षं! इतकी वर्षं आम्ही कप हातात धरून शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिलो, आणि दरवेळी वाटलं, चला, कुणीतरी आपली काळजी घेतंय! एखाद्यानं तपासच केला नसता तर निदान आम्हाला शंका तरी आली असती. यांनी तपासून तपासून आम्हाला फसवलं.

योर्दिस म्हणाली, "सावकाश बोला. आणि रूनार, तुम्हाला झोप येते का नीट?"

माझ्या झोपेचा काय संबंध?

१ मार्च, गुरुवार

सुरक्षा समितीची बैठक. मी तयारी करून गेलो होतो. सोमवार-शुक्रवारचं नीट मांडलं, सगळे ऐकत होते. विक्स्ट्रॉमचा चेहरा सुद्धा उतरला होता. पुढे पंख्यांवर यायचं होतं आणि तो शब्द... हवा बाहेर खेचण्याच्या सगळ्या व्यवस्थेला जो शब्द आहे, जो मी दिवसातून दहादा वापरतो, तो आलाच नाही. मी उभा. घड्याळ टिकटिकतंय. मी म्हणालो, "ते... ते वरचं." कुणीतरी खाली मान घातली. माझा हात टेबलावर आपटला, आणि कपबशी फुटून कॉफी सगळ्यांच्या कागदांवर.

विक्स्ट्रॉम उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रूनार, घरी जा. विश्रांती घे. तुझं म्हणणं पोचलं. पुढचे नमुने शुक्रवारी घेऊ, दुपारी. झालं?" त्या मऊ आवाजाचीच मला चीड येते. मारणारा माणूस परवडला.

पण जिंकलो. शुक्रवार मिळाला.

बाहेर एल्वी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. म्हणाली, "तू बरा आहेस ना रे?" मी म्हटलं, तुम्ही सगळे मूग गिळून बसलात म्हणून मला टेबल आपटावं लागलं. भित्रे लेकाचे.

१६ मार्च, शुक्रवार

लिहितोय तो रागातच.

सकाळी हॉलमध्ये पाय ठेवला तर मोठी दारं सताड उघडी. वारा थेट समुद्रावरून. पंखे घरघरतायत. राळेची सगळी पिंपं झाकण लावून भिंतीशी. आणि फळ्यावर लिहिलेलं: आज साफसफाईचा दिवस. सगळ्यांच्या हातात झाडू. वसंतातली सफाई म्हणे! बाहेर गुडघाभर बर्फ आहे.

दिवसभर झाडत बसलो. दुपारी योर्दिस कपांची पिशवी घेऊन आली, दारातच थांबली. चकचकीत जमीन पाहिली, आम्हाला पाहिलं. आम्ही सगळे थंडीनं काकडलेले, फुप्फुसं धुतल्यासारखी स्वच्छ.

विक्स्ट्रॉम पुढे आला. "या या. शुक्रवार दुपार, तुम्ही म्हणालात तसं."

तेवढ्यात मागून धातूचा आवाज आला. एल्वीनं पिंपाचं झाकण उघडलं होतं. तिनं शांतपणे हातमोजे चढवले, रोलर उचलला आणि आम्हाला म्हणाली, "बघता काय? बोट अर्धी राहिलीय. चार तास काम करू, मग भरू कप. नर्सबाई थांबतील. काय हो, थांबाल ना?" दोघे-तिघे लगेच काचकापड आणायला धावले. कुणीतरी दारं ओढून घेतली. बॉर्ये सुद्धा उठला आणि बोटीच्या नाकाडाकडे निघाला. ज्या भोकातून तो लटपटत बाहेर आला होता, त्याच भोकाकडे.

माझ्या अंगावर काटा आला. अभिमानानं. मीही रोलर घेतला.

"झाकण लावा," योर्दिस म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "बॉर्ये, मागे या. माझ्या कपासाठी कुणी विष ओढणार नाही."

"मग खरं कळणार कसं?" एल्वी म्हणाली. "आमचं खरं आमच्या आतच आहे ना?"

"कळेल. आज नाही." तिनं पिशवीची चेन ओढली. एकही कप बाहेर काढला नव्हता.

विक्स्ट्रॉमचा मऊपणा तेव्हा गेला. "तुम्हाला नमुने घ्यायला बोलावलंय. ते घ्यायचे आणि जायचं. दवाखान्याचा करार कुणाशी आहे ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आज इथं काम झालं नाही, म्हणून नमुने घेतले नाहीत, असं मी लिहीन. जमीन छान झालीय."

आणि गेली. मी बर्फात तिच्या मागे धावलो. म्हटलं, अहो, आम्ही तयार होतो! तुम्ही घात केलात! ती म्हणाली, "तुम्ही त्यांचे प्रतिनिधी आहात, रूनार. तुम्ही त्यांना थांबवायला हवं होतं."

हे मला आवडलं नाही. अजून आवडत नाही.

२ एप्रिल, सोमवार

योर्दिसचा पत्ता नाही. दवाखान्यात फोन केला की म्हणतात, त्या बाहेर गेल्यात. डॉक्टर सेलेनियस फोनवर येतच नाहीत. विक्स्ट्रॉम शीळ घालत फिरतो. घाबरली. करार म्हटल्यावर घाबरली. शेवटी पगार त्यांच्याच खिशातून ना.

आज ती फोनवर सापडली. मी काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण विकली गेलीस असं म्हणालो. ती म्हणाली, "मी वासाला गेले होते." म्हटलं, खरेदीला? तिनं फोन ठेवला नाही, माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या पत्नीशी बोलू का जरा?"

मी फोन आपटला. गुनलिसला काय विचारायचंय हिला?

१२ एप्रिल, गुरुवार

योर्दिस आली! कामाची पाळी संपायला थोडा वेळ असताना, कुणालाही न कळवता, आणि एकटी नाही. वासाच्या कामगार-सुरक्षा कार्यालयाचा निरीक्षक बरोबर होता, टोपीवाला, गंभीर. त्यासाठी गेली होती ती वासाला. तिथून हुकूम घेऊन आली. हॉल रोजच्यासारखा होता: दारं बंद, पंखे बंद, दोन बोटींवर राळ ओली. निरीक्षक आत आला आणि दोन मिनिटांत रुमाल नाकाला लावून बाहेर गेला. एल्वी म्हणाली, "पाहुण्यांना सवय नाही."

कामाच्याच कपड्यांत आम्ही रांगेत उभे राहिलो. कुणी थट्टा केली नाही. विक्स्ट्रॉम ऑफिसच्या काचेमागे टेलिफोन कानाला लावून.

इथवर लिहिताना आनंद होतोय. पुढचं लिहायला नको वाटतं.

माझा नंबर आला तेव्हा योर्दिसनं कप घेतल्यावर मला बसवून घेतलं. माझ्यापुढे रंगीत बटणांची पेटी ठेवली. "यांना रंगाच्या क्रमानं लावा." पोरखेळ! लावली. ती म्हणाली, "पुन्हा एकदा बघा." पुन्हा पाहिली, बरोबर होती. मग तिनं काही आकडे सांगितले, ते उलटे म्हणायचे. मी म्हटलं, मी प्रतिनिधी आहे, मला वेडा ठरवून बाजूला करायचं आहे का? विक्स्ट्रॉमनं सांगितलंय का हे? ती म्हणाली, "नाही. सगळ्यांना विचारतेय." मी पेटी ढकलली. बटणं जमिनीवर घरंगळली. बॉर्ये वाकून एकेक गोळा करायला लागला, आणि त्यातलं एक बटण तिच्या हातात देताना त्यानं विचारलं, "हे निळं की हिरवं, बाई?"

आज जिंकायचा दिवस होता. मी चिडून घरी आलो.

२७ एप्रिल, शुक्रवार

निकाल.

योर्दिसनं एकेकाला आत बोलावून सांगितले. बाहेर येणारा प्रत्येक चेहरा बघत मी बसलो होतो. दोन नंबरच्या हॉलमधला एकही माणूस मर्यादेच्या आत नाही. बरेच तिच्या कितीतरी पट वर. निरीक्षकानं हॉलला कुलूप लावलंय. नवीन पंखे, नळीच्या हवेचे मुखवटे येईपर्यंत राळेचा थेंब ओतायचा नाही.

कॉफीच्या खोलीत कुणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत. एल्वी म्हणाली, "जिंकलो म्हणायचं ना? मग हसत का नाही कुणी?" तिला दोन मुलगे झाले ते याच हॉलमध्ये काम करता करता. ती बोटांवर महिने मोजायला लागली, आणि मी ओळखलं ती काय मोजतेय.

सगळ्यात वर कोण? मी. आणि माझ्याखाली बॉर्ये.

योर्दिस म्हणाली, "तुम्ही दोघांनी हेलसिंकीला जाऊन मेंदूच्या तपासण्या करून घ्यायला हव्यात."

बॉर्येनं जावं. मी कशाला? मला काय झालंय?

५ मे, शनिवार

गुनलिसनं आज मला टेबलाशी बसवलं. रडली नाही. शाळेतल्या पोरांना सांगते तसं बोलली.

म्हणाली, "नर्स आली होती. फेब्रुवारीत आणि परत आता. तिनं विचारलं, मी खरं सांगितलं. तुलाही सांगते. नाताळात आपल्या सीवचा फोन आला होता, तू तिच्याशी अर्धा तास बोललास, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास, पोरगी फोन सुद्धा करत नाही. तू शेजाऱ्याच्या कुत्र्यावर ओरडतोस, रेडिओवर ओरडतोस. तू असा नव्हतास. मी ज्या माणसाशी लग्न केलं तो इतका सावकाश रागवायचा, की मलाच घाई व्हायची."

मी म्हटलं, "माझ्या रागाला कारण आहे! तू पाहिलंस ना त्यांनी काय केलं!"

"आहे कारण. म्हणून तर मलाही आधी कळलं नाही." मग म्हणाली, "या हिवाळ्यात तू बर्फावर जायचास ना, मी मागून यायचे. स्कीवर, लांबून. दर शनिवारी. तुला परतीची वाट सापडेल की नाही याची मला भीती वाटायची. एकदा तू बेटाच्या उलट्या बाजूला निघालास. मी हाक मारणार होते, तेवढ्यात तू वळलास."

मला ते बेट आठवलं नाही.

मग मी म्हटलं, "थंडी वाजली असेल तुला."

"वाजली की."

सोमवारी योर्दिसला फोन करून हेलसिंकीला जातो म्हणून सांगणार आहे. माफीही मागायची आहे. हे इथं लिहून ठेवतो, नाहीतर राहून जाईल.

२५ मे, शुक्रवार

हेलसिंकीहून परत. बॉर्ये आणि मी, आगगाडीत समोरासमोर. जाताना त्याच्या बायकोनं दिलेले वेलदोड्याचे पाव आम्ही गाडी सुटायच्या आतच संपवले होते.

दोन दिवस ठोकळे, चित्रं, शब्द, सुया, दिवे. कुणी घाई केली नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवून सांगितलं. स्टायरीननं मेंदूला इजा झालीय; निळा-हिरवा न ओळखणं, शब्द न आठवणं, सगळं त्यातूनच. बॉर्येला थोडी, मला जास्त. नव्यानं वाढणार नाही, जर पुन्हा कधी त्या हवेत गेलो नाही तर. पण गेलंय ते फारसं परत येणार नाही. कामामुळे झालेला आजार, तसं प्रमाणपत्र मिळेल. मला आता दुसरं काम बघावं लागेल, म्हणजे प्रतिनिधीपणही गेलं.

मी विचारलं, "हा राग? तोही त्यातलाच?"

बाई म्हणाल्या, "चिडचिड या आजारात असते."

"पण मला चिडायला कारण होतं."

"होतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही खरं असू शकतं."

गाडीत मी बॉर्येला म्हटलं, आपण दोघं एकाच बोटीत. तो म्हणाला, "एकाच बोटीत होतो म्हणून तर!" आणि आम्ही इतके हसलो की तिकीट तपासनीस थांबून बघायला लागला. मग बॉर्ये खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता आईला सांगता येईल." एवढंच.

१५ जून, शुक्रवार

आज शेवटचा कारखान्यात गेलो, कपाट रिकामं करायला. बॉर्येही आला होता. हॉलमध्ये नव्या नळ्या छताला लटकतायत, आणि आत बोललेलं ऐकू येत नाही इतकी हवा खेचतात. एल्वी आता प्रतिनिधी आहे. योर्दिसला दवाखान्यानं कारखान्याच्या कामावरून काढलं होतं. एल्वीनं पहिली गोष्ट केली ती ही, की सगळ्यांनी मिळून सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या हातात कप देणार नाही. योर्दिस परत आली.

कॉफीच्या खोलीत केक होता. आमच्या नावाचा. विक्स्ट्रॉम उभा राहिला आणि बोलायला लागला. दीर्घ सेवा, सुधारणांचा काळ, परिस्थितीजन्य गैरसमज. मला ते शब्द समजत होते आणि उठून ओरडावंसं वाटत होतं, पण मला भीती होती, मध्येच शब्द गेला तर? मी गुनलिसला वचन दिलं होतं. टेबलाखाली मुठी आवळून बसलो.

तेव्हा बॉर्येनं हात वर केला. वर्गात करतात तसा.

"जानेवारीत तुम्ही इथंच उभे होतात," तो म्हणाला. "तेव्हा मी प्यायलो होतो."

"ते मी तसं म्हणालो नव्हतो, बॉर्ये."

"तसंच ऐकू आलं. माझ्या आईला सुद्धा. म्हणून विचारतो. मी प्यायलो होतो का?"

विक्स्ट्रॉमनं केककडे पाहिलं. "नाही. अर्थातच नाही."

"मग मला काय झालं होतं?"

विक्स्ट्रॉम म्हणाला, "ते आता डॉक्टरांनी..."

"तुम्ही सांगा," बॉर्ये म्हणाला. आवाज जराही चढला नव्हता. "तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं."

एल्वीनं उठून दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. कुणी कॉफीला हात लावत नव्हतं. मग विक्स्ट्रॉम खालच्या आवाजात म्हणाला, "हॉलमधल्या हवेनं तुला विषबाधा झाली होती."

"मोठ्यानं," एल्वी म्हणाली. "पंख्यांचा आवाज आहे."

त्यानं पुन्हा म्हटलं. मोठ्यानं.

बॉर्येनं मान डोलावली, टोपी घातली आणि निघाला. केकच्या सुरीला कुणी हात लावला नव्हता. मी त्याच्याबरोबर निघालो. बाहेर ऊन होतं, समुद्र मोकळा होता. तो म्हणाला, रविवारी आईला घेऊन प्रार्थनाघरात जाणार आहे, पुढच्या बाकावर बसणार आहे.

मी अर्धं वर्ष ओरडलो आणि जे झालं नाही ते त्यानं विचारून केलं. तरी माझा राग काही गेलेला नाही. त्यातला राळेचा किती आणि माझा स्वतःचा किती, ते हेलसिंकीच्या बाईंनाही सांगता आलं नाही. माझा जेवढा आहे तेवढा मी सोडणार नाही. त्यांना सगळं माहीत होतं. कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून, सगळं समजून, सोमवार निवडला.